मोटरसायकलचा रेडिएटर दुरुस्तीनंतरही पुन्हा गळतोय? आधी गळतीची जागा नीट पाहा

रेडिएटरच्या भोकाला एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) लावलं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरलं, काही दिवस गाडी ठणठणीत चालली आणि एका सकाळी इंजिनाखाली परत तेच ओलं. रेडिएटरच्या गळतीत पहिली गळती फारशी छळत नाही, छळते ती दुरुस्तीनंतर परत आलेली. भोक कसं बुजवायचं ते पुढे सांगतोच, पण त्याआधी ते पडलं कशामुळे यावर जास्त वेळ देणार आहे. मूळ कारण तसंच राहिलं तर चांगल्यातली चांगली दुरुस्तीही टिकत नाही.

सुरुवातीलाच स्वतःला एक प्रश्न विचारा: गळती त्याच जागी परत आली, की नव्या जागी? त्याच जागी आली असेल तर एकतर दुरुस्ती कच्ची होती, नाहीतर त्या कोपऱ्यावर सतत ताण येतोय. दर वेळी वेगळ्या जागी फुटत असेल तर रेडिएटर आतून खाल्ला जातोय, किंवा त्यात नको तेवढा दाब तयार होतोय. या दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. म्हणून प्रत्येक वेळी दुरुस्तीआधी मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तो फार कामी येतो.

गळतोय तो रेडिएटरच का?

काम थंड इंजिनावरच करा. गाडी बंद करून थोडा वेळ झाला म्हणून रेडिएटरची कॅप उघडू नका. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळलेलं नसतं. कॅप सैल झाली की ते एका क्षणात उकळून हातातोंडावर येतं. वरचा होज पाइप (रेडिएटर आणि इंजिन जोडणारा रबरी पाइप) चिमटीत दाबून बघा. कडक लागला किंवा कोमट जरी लागला तरी थांबा.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल असं धरून चालू नका. चालत्या गाडीत वारा कूलंटला मागे ढकलतो, ते फ्रेमवरून किंवा इंजिनाच्या केसवरून ओघळत जातं आणि भलत्याच बोल्टवरून ठिबकतं. म्हणून आधी फेअरिंग (गाडीचं बाहेरचं आवरण) असेल तर काढा, सगळा भाग धुऊन पुसून कोरडा करा आणि मग शोधा. वाळलेल्या कूलंटचे डाग मात्र धुण्याआधी बघून घ्या. गळती जुनी असेल तर त्या जागी हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खरबरीत थर बसलेला असतो. रेडिएटरची मधली अरुंद नळी आणि बाजूची टाकी जिथे जुळतात तिथे टॉर्च तिरका धरून पाहिलं तर हा थर बारीक मिठासारखा चमकतो. तुमचा शोध बहुधा तिथेच संपेल.

रेडिएटरवर आळ येतो पण दोष दुसऱ्याचाच असतो, असंही पुष्कळदा होतं. सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तो होजचा क्लॅम्प, म्हणजे होज आवळणारी पट्टी. रात्रभर गाडी थंड पडली की रबर आणि धातू आकसतात आणि जोड झिरपतो. इंजिन तापलं की तोच जोड घट्ट बसतो आणि गळती गायब होते. सकाळी ओलं आणि फिरून आल्यावर कोरडं दिसत असेल तर आधी क्लॅम्प पाहा. तो पाइपाच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसलेला असावा, उंचवट्यावर नाही. होजचं टोक कडक किंवा चिरलेलं असेल तर क्लॅम्प आवळत बसण्यापेक्षा होज बदला. जास्त आवळला तर पट्टी रबरात रुतते आणि रबर कापलं जातं.

दुसरा संशयित वॉटर पंप. पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं मेकॅनिकल सील झिजलं की तिथून कूलंट येतं, ऑइल सील गेलं तर ऑइल येतं. हे भोक कधीही बुजवू नका. ते बुजवलं तर कूलंट बाहेर यायचं ते आत बेअरिंगकडे किंवा ऑइलमध्ये शिरतं. तिथून पाणी येत असेल तर सील बदला. रेडिएटरला हात लावायची गरज नाही.

फॅनचा स्विच किंवा टेम्परेचर सेन्सर रेडिएटरमध्ये बसवलेला असेल तर त्याचा वॉशर किंवा ओ-रिंगही तपासा. आणि रिझर्व्ह टाकीची (जास्तीचं कूलंट जिथे जातं ती) ओव्हरफ्लो नळी कुठे सुटते तेही बघून घ्या. तिच्यातून येणारं कूलंट रेडिएटर फुटल्यासारखंच दिसतं.

प्रेशर टेस्ट करा, डोळ्यांवर विसंबू नका

बारीक गळती दाबाखालीच उघडी पडते. रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हातपंप आणि त्यावर गेज, एवढंच साधन लागतं. जवळ नसेल तर गॅरेजमध्ये ही चाचणी करून घ्या. कॅपवर जो आकडा असतो, म्हणजे बऱ्याच गाड्यांत १.१ बार (बार हे दाबाचं एकक) किंवा त्याच्या आसपास, तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त नको. मग दहा-पंधरा मिनिटं काटा पाहत बसा. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला तर जागा सापडली. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं आहे, तर कूलंट बहुधा इंजिनाच्या आत जातंय. त्या परिस्थितीत रेडिएटर खोलायच्या आधी हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) विचार करा.

रेडिएटर काढलेला असेल तर त्याची तोंडं रबरी बूच आणि क्लॅम्पने बंद करून पाण्याच्या टबात बुडवा आणि हळूहळू हवा द्या. बुडबुड्यांची माळ थेट भोकाकडे बोट दाखवते. सायकलचा पंप वापरत असाल तर मध्ये गेज हवंच. रेडिएटरमध्ये जागा थोडी असते, पंपाच्या चार झटक्यांत दाब मर्यादेबाहेर जातो आणि धड असलेला जोडही उघडतो. बुडबुडे कुठून आले तिथे लगेच मार्करने खूण करा; पाण्याबाहेर काढल्यावर सगळ्या फिन (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) सारख्याच दिसतात.

आता त्या भोकाकडे नीट पाहा. आजूबाजूच्या फिन चेपलेल्या असतील आणि मार पुढून असेल तर तो दगड आहे. दुरुस्त करा, पुढे जाळी लावा, विषय संपला. पण फिन सरळ, रंग शाबूत आणि तरी नळीतून पाणी येतंय, तर ते भोक आतून बाहेर आलंय. खरी चौकशी इथून सुरू होते.

त्याच जागी परत परत

इथे माझा पहिला संशय माउंटिंगवर असतो. रेडिएटर फ्रेमला थेट बोल्टने आवळलेला नसतो. प्रत्येक बोल्टभोवती रबरी बुश असतो आणि त्या बुशच्या आत धातूची छोटी नळी, म्हणजे स्लीव्ह. बोल्ट आवळला की तो स्लीव्हवर टेकतो, रबर मोकळं राहतं आणि रेडिएटर किंचित हलू शकतो. आधीच्या कुठल्या तरी कामात स्लीव्ह हरवली असेल तर बोल्ट सरळ रबराचा चोथा करतो आणि इंजिनाचा सगळा कंप ब्रॅकेटमधून टाकीच्या जोडावर येतो. मग तडा नेमका ब्रॅकेटच्या मुळाशी पडतो, वेल्ड केला तरी वेल्डच्या कडेने परत पडतो. म्हणून दुरुस्तीआधी सगळे बुश बोटाने दाबून पाहा. दगडासारखे झाले असतील किंवा एखादी स्लीव्ह नसेल तर ते आधी आणा.

गाडी एकदा पडलेली असेल तर दुसरी शक्यता. रेडिएटर किंवा ब्रॅकेट किंचित वाकलेलं असतं आणि बोल्टची भोकं एका रेषेत येत नाहीत. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून ओढून बोल्ट बसवतं. रेडिएटर कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. सगळे बोल्ट सैल करा आणि रेडिएटर आपसूक जागेवर बसतो का ते पाहा. बसत नसेल तर ब्रॅकेट सरळ करा. रेडिएटरला जबरदस्ती नको. होजही ताणलेले नकोत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर फोर्क किंवा केबल कुठे घासत नाही ना तेही बघा.

माउंटिंग चोख असूनही तिथेच गळत असेल, तर दुरुस्ती कच्ची होती. त्याबद्दल पुढे बोलतोच.

दर वेळी नवी जागा

आधी कॅप. स्वस्तातला भाग म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, पण पूर्ण सिस्टिमचा दाब तिच्या स्प्रिंगवर ठरतो. कुकरच्या शिट्टीसारखं तिचं काम आहे: ठरलेल्या दाबापर्यंत धरून ठेवायचं, पुढे सोडायचं. १.१ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या वर जाऊन उकळतं आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट १३० च्या आसपास. गाडीसाठी सांगितलेल्यापेक्षा जास्त दाबाची कॅप लावली की रेडिएटरचा प्रत्येक जोड रोज जास्तीचा ताण सोसतो. उलट कॅपचं रबर गेलं असेल तर कूलंट लवकर उकळून रिझर्व्ह टाकीत जातं. कॅपमध्ये मधोमध एक छोटी झडप असते, इंजिन थंड होताना ती कूलंट परत आत ओढू देते. रिझर्व्ह टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा असं दिसलं तर ही झडप, कॅपचं रबर किंवा मधली नळी यांपैकी काहीतरी बिघडलंय. गाडी थंड झाल्यावर होज चपटे पडत असतील तर झडप अडकली आहे. कॅप बदला, तेवढ्यानेच बऱ्याच तक्रारी मिटतात.

त्यानंतर पाणी. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरलेल्या रेडिएटरचं पोट उघडून पाहिलं तर अरुंद नळ्यांत क्षारांचा पांढरा थर दिसतो. पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचून टोचून खड्डे पाडतं आणि नळीची भिंत अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही पातळ असते. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, पण ती काळानुसार संपतात. रंग छान हिरवा दिसतोय म्हणून कूलंट चांगलं असं नसतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, साधारण दोन-तीन वर्षांत, ते पूर्ण बदला. मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. आणि दोन वेगवेगळ्या प्रकारची कूलंट केवळ रंग जुळतो म्हणून एकत्र करू नका. कूलंटचा रंग कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही.

आता एक कारण जे फार कमी जण तपासतात: भरकटलेला विद्युत प्रवाह. जादा लाइट, हॉर्न किंवा फॅन बसवताना अर्थिंग नीट दिलं नाही, किंवा रेडिएटरच्या ब्रॅकेटलाच दिलं, तर प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियम आतून खातो. तपासणं सोपं आहे. इंजिन थंड असताना कॅप काढा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल तारेचं टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू न देता. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही. ०.३ किंवा जास्त दिसत असेल तर गडबड आहे. मग इंजिन चालू करून एकेक उपकरण लावा-बंद करा. ज्याच्यासोबत आकडा उडी मारतो त्याचं अर्थिंग थेट बॅटरीला द्या. सगळं बंद असूनही आकडा तसाच राहिला तर कूलंटच खराब होऊन आम्लधर्मी झालंय. ते काढून सिस्टिम धुवा.

शेवटचं कारण सगळ्यात खर्चिक, म्हणून लोक तिकडे बघायचं टाळतात. हेड गॅस्केट गळत असेल तर सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि कोणतीही कॅप सांभाळू शकणार नाही असे दाबाचे धक्के रेडिएटरला बसतात. खुणा स्पष्ट असतात. थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात, इंजिन तापायच्या आधीच होज कडक होतात. कॅप काढून थंड इंजिन चालू केलं तर तोंडातून बुडबुडे येतच राहतात; अडकलेली हवा असेल तर ते थोड्या वेळात थांबतात, वायू असेल तर थांबत नाहीत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणं, ऑइल दुधाळ होणं या पुढच्या पायऱ्या. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची एक चाचणी करतात. कूलंटवरच्या हवेत जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. हे निघालं तर रेडिएटर बदलूनही काही होणार नाही, आधी हेड उघडावं लागेल.

दुरुस्ती: कुठे काय चालतं

वेल्डिंग करायचं की एपॉक्सी, हे काहीही लावायच्या आधी ठरवा. एकदा एपॉक्सी लावलं की ते खरवडूनही बारीक कपारींत उरतं आणि पुढे वेल्डिंग करणाऱ्याला तिथे स्वच्छ जोड मिळत नाही.

संपूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल आणि तडा टाकीवर किंवा ब्रॅकेटजवळ असेल, तर टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने करायचं बारीक वेल्डिंग) सगळ्यात भरवशाचं. पण ते ॲल्युमिनियमचं पातळ काम रोज करणाऱ्याकडूनच करून घ्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. मधल्या नळ्यांवर वेल्डिंगचा टॉर्च फिरवणं धोक्याचं आहे: एक भोक बुजतं आणि शेजारचे दोन ब्रेझ केलेले (वितळवलेल्या मिश्रधातूने जोडलेले) जोड सुटतात. साधं कथील तर विसराच, ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या थरामुळे ते धरतच नाही.

नळीतल्या टाचणीएवढ्या भोकासाठी धातूची पूड मिसळलेलं दोन भागांचं एपॉक्सी चालतं, अट एकच: तयारी मन लावून करायची. रेडिएटर काढून पूर्ण रिकामा करा आणि वाळवा. आत थोडंही कूलंट राहिलं तर ते भोकातून झिरपत राहतं आणि एपॉक्सी उचकटतं. भोकाच्या दोन्ही बाजूंच्या साधारण सेंटिमीटरभर फिन टोकदार पक्कडीने हळूच उपटून काढा, नळीला टोक लागू देऊ नका. उघडी नळी बारीक सँडपेपरने घासा, काळा रंग पूर्ण जाऊन चंदेरी धातू दिसला पाहिजे. ॲसिटोनने पुसा, कपडा काळा निघतोय तोवर पुसत राहा, आणि नंतर त्या जागेला बोट लावू नका. मग वेळ न घालवता एपॉक्सी पातळसर चोळून धातूत बसवा, त्यावर दुसरा थर द्या आणि तो नळीच्या पाठीमागेही जाईल असं बघा. पूर्ण २४ तास वाट पाहा. हाताला कडक लागतंय म्हणून लगेच कूलंट भरू नका. डब्यावर तापमानाची मर्यादा वाचा. १२० अंशांखालचं एपॉक्सी रेडिएटरसाठी घेऊ नका. कच्च्या दुरुस्त्या बहुतेक या परिच्छेदातल्याच कुठल्या तरी पायरीवर फसतात.

नळी लांबपर्यंत फाटली असेल तर ती दोन्ही टोकांना चेपून, दुमडून, वर एपॉक्सी देऊन कायमची बंद करता येते. एखादी नळी गेल्याने गाडी तापत नाही. तीन-चार गेल्या की गर्दीत, कमी वेगात फरक जाणवतो.

प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरचं गणित वेगळं. टाकी आणि ॲल्युमिनियमच्या मधल्या जोडातून पाणी येत असेल तर कधीकधी वाकवलेल्या पत्र्याचे दात पक्कडीने थोडे दाबून काम भागतं. आतलं रबर कडक झालं असेल तर ते बदलावं लागतं. प्लास्टिकलाच तडा असेल तर त्यावर चिकटवलेलं दाब आणि उष्णतेखाली फार काळ राहत नाही. तिथे वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटलीतलं सीलर ओतावं का? घरापासून लांब अडकलात आणि दुसरा मार्ग नाही, तेव्हाच. ते भोक बुजवतं तसंच मोटरसायकलच्या अरुंद नळ्या आणि थर्मोस्टॅटही (तापमानानुसार उघडणारी झडप) चोंदवू शकतं. वापरलंत तर घरी पोचल्यावर सिस्टिम धुऊन काढा.

परत भरताना

जोडणीनंतर लगेच पुन्हा प्रेशर टेस्ट, आधी अर्ध्या दाबावर, मग पूर्ण. कूलंट बारीक धारेने भरा, मधूनमधून होज दाबा, गाडी दोन्ही बाजूंना झुकवा. ब्लीड स्क्रू (आतली हवा काढायचा) असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. कॅप न लावता इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवा, हलका रेस द्या. पातळी खाली जाईल तसं भरत राहा, मग कॅप लावा. हवा आत राहिली तर गाडी विनाकारण तापते आणि दोष परत दुरुस्तीवर येतो. गाडी एकदा पूर्ण तापून, फॅन लागून, पूर्ण थंड झाली की क्लॅम्प पुन्हा तपासा आणि पातळी रेडिएटरच्या तोंडाशी पाहा, फक्त रिझर्व्ह टाकीत नाही.

काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरा आणि घातक कचरा घेणाऱ्या ठिकाणी द्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात. जमिनीवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने न धुता आधी माती किंवा भुशात शोषून घ्या.

नळ्यांत दोन-तीन ठिकाणी आतून आलेली भोकं दिसली, फिन बोटाने चुरल्यावर पूड होऊन गळत असतील, तर दुरुस्ती सोडा आणि रेडिएटर बदला. फक्त नवा बसवायच्या आधी कॅप नवी घ्या, बुश आणि स्लीव्ह पूर्ण आहेत याची खात्री करा, जुनं कूलंट इंजिनातूनही धुऊन काढा आणि मल्टिमीटरची चाचणी एकदा करून घ्या.